तिथी नसलेला

नोव्हेंबरात स्कारबरोला कुणी येत नाही.
मी आले, तीन महिन्यांच्या करारावर,
आदरातिथ्य आणि पर्यटन या विषयातल्या
त्रेचाळीस नियतकालिकांना
पहिला, दुसरा, तिसरा नंबर द्यायला.

खोली मिसेस मिकलथ्वेट यांच्या गेस्ट हाऊसात.
(हे नाव मला चौथ्या दिवशी जमलं.)
दारावर चार चांदण्यांची पाटी,
चौथीवर चिकटपट्टी.
खोल्यांत केस वाळवायचं यंत्र नव्हतं, म्हणाल्या,
आणि तपासनीस स्वतः टकला होता.

पहिली पद्धत: विचारा.
पाचामुखी परमेश्वर.
मी पाचशे मुखांना पत्र धाडलं, एकशे बारा बोलली.
बहुतेकांनी सर्वांत वर तेच ठेवलं
ज्यात त्यांचा स्वतःचा लेख छापून आला होता.
आपला तो बाब्या.
पुढचं सांगायला नको.

डॉक्टर लॉमॅक्स यांच्या सांगण्यावरून
यादीत मी एक नाव घुसवलं होतं,
जगात कुठेच निघत नसलेलं त्रैमासिक,
माणसं नीट वाचून उत्तरं देतात का ते बघायला.
त्याचा एकोणिसावा नंबर आला.
एका प्राध्यापकानं शेराही मारला:
अलीकडे दर्जा घसरलाय.

दुसरी पद्धत: मोजा.
कुणी कुणाचा दाखला दिला, किती वेळा.
इथे वाढपी ओळखीचा लागतो.
एक संपादक दुसऱ्याच्या पानात वाढतो,
दुसरा पहिल्याच्या,
आणि ढेकर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत ऐकू येते.
हिशेब दोनच वर्षांचा.
त्याच्या आत आलेला दाखला धरायचा,
नंतरचा सोडायचा.

विद्यापीठाच्या तळघरात मला एक लेख सापडला,
हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायकांच्या
मनगटांविषयी.
लेखिका आयरीन डकवर्थ, हडर्सफील्ड.
नियतकालिक चौथ्या अंकानंतर बंद पडलेलं.
सतरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.
मग मोम्बासाच्या एका विद्यार्थ्यानं
तळटीपेत दाखला दिला, एकच,
तोही डकवर्थमधलं एक अक्षर गाळून.

माझ्या तक्त्यात त्याला घर नव्हतं.

सातवीत शेवडे सरांनी फळ्यावर फोड करून दिली होती:
अ, तिथी.
ज्याच्या येण्याला तिथी नाही तो.
आदरातिथ्याच्या शास्त्रात
उशिरा आलेल्याला पान मांडत नाहीत,
असं एक वाक्य मी अहवालात घातलं.
लॉमॅक्स बाईंनी खोडलं.
समासात लिहिलं, संदर्भ?
त्यांचंही बरोबरच होतं.

त्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला बेल वाजली.
व्हिटबीची शेवटची बस चुकलेला माणूस,
टायरचा फिरता विक्रेता, बुटांत पाणी.
खिडकीत तर ‘जागा नाही’ची पाटी,
म्हणजे वरचा मजला तापवायला नको.
बाई जिन्यावरून म्हणाल्या, आम्ही बंद आहोत,
आणि किटली चालू केली.

मला म्हणाल्या, जरा ते टोक धर.
हे मनगट आता वळत नाही.
बावीस वर्षं ग्रँडमध्ये होते मी, दिवसाला सोळा खोल्या.
आम्ही चादर झटकली.
ती मध्ये फुगली आणि हळूहळू खाली बसली.
त्यांनी कोपरा दुमडला, मी दुमडला,
माझा उलगडून पुन्हा दुमडला.

डकवर्थ बाईंचं नाव मी काढलं नाही.
काढून काय सांगणार होते?

सकाळी तो गेला, अर्धा टोस्ट ठेवून,
अभिप्रायाच्या वहीत काही न लिहिता.

मग मी अंतिम तक्ता केला.
खोटं त्रैमासिक वगळलं, ते वगळायचंच होतं,
पण खालच्यांना एकेक पाट वर सरकवला नाही.
अठरानंतर वीस.
अहवाल छापून दोन वर्षं होऊन गेली.
अजून कुणी विचारलेलं नाही.