पाव किलो मायक्रॉन

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये तो शिरला
तेव्हा चहाची किटली नुकतीच खाली ठेवली होती.
नमस्कार नाही, नाव नाही,
"मशीन बंद पडलंय. कुणाला काही येतं का इथे?"

येतं का!
बावीस वर्षं मी स्पिंडलचा आवाज ऐकून सांगते
बेअरिंग कोणत्या महिन्यात जाईल,
आणि हा, पॉलिटेक्निकचं ओळखपत्र अजून गळ्यात,
विचारतो, येतं का.

उत्तर जिभेवर तयार होतं.
नीट तासलेलं, धार लावलेलं,
एका घावात दोन तुकडे.
आमच्यात अशी उत्तरं जपून ठेवतात,
जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा सांगायला.

मलाही मिळालं होतं असं एक.
पहिल्याच आठवड्यात दाभाडे म्हणाले,
"जा, स्टोअरमधून पाव किलो मायक्रॉन घेऊन ये."
मी गेले. डबा घेऊन गेले.
स्टोअरवाल्याने पलीकडच्या शेडला धाडलं,
त्यांनी आयटीआय सिग्नलच्याही पुढे, भर उन्हात.
मायक्रॉन मोजायचा असतो, तोलायचा नसतो,
हे कळलं तोवर सगळी शेड हसत होती.
मीही हसले.
मग वर्षभर कुणाला काही विचारलं नाही.
सहा टूल मोडले, तरी विचारलं नाही.

निसारभाईंनी किटली उचलली.
"आधी पी. अलार्म कुठला आलाय?"
"माहीत नाही. लाल आहे."
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
निसारभाई हसले नाहीत.
"लालच असतो. जा, आकडा वाचून ये.
आणि बाळा, मदत मागायला आलेल्याने
घरमालकाची परीक्षा घेऊ नये."
आवाज न चढवता म्हणाले,
डायलचा काटा बोटाने शून्यावर आणावा तसं.

तो गेला. मला वाटलं, गेलाच.
वीस मिनिटांनी आला, तळहातावर बॉलपेनने आकडे,
घामाने एक पुसट झालेला.
"हा तीन आहे की आठ?" मी विचारलं.
"थांबा ताई, परत बघून येतो."

सगळे असे परत येत नाहीत.
मार्चमधल्या एकाला तीनदा समजावलं,
तीनदा त्याने आमची आई काढली.
त्याला निसारभाईंनीच गेटपर्यंत नेऊन सोडलं,
आणि कडी लावली.
त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

याचं नाव संध्याकाळी कळलं. प्रज्योत गांगुर्डे.
पिंपळगावहून दोन बस बदलून येतो,
आणि मालकाने सकाळीच दम भरला होता,
मशीन चाललं नाही तर उद्या तोंड दाखवू नको.
हे कळलं नसतं तरी
चहा तेवढाच द्यायचा, असं निसारभाई म्हणतात.
माझं अजून तितकं पक्कं नाही.

ते तासलेलं उत्तर आहे माझ्यापाशी.
वापरलं नाही, फेकलंही नाही.
वरच्या रॅकवर ठेवलंय,
तेल न लावता.