स्वच्छ आवृत्ती

टेबलासमोरच्या भिंतीवर यादी आहे,
लॅमिनेट केलेली. चोवीस शब्द.
वकिलांनी दिली, मॅनेजरने चिकटवली,
कोपऱ्यावर माझ्या कॉफीचा डाग.
यंग्सटाउनमध्ये कोणी दात घासत असताना
हे चोवीस त्याच्या कानावर पडू नयेत
याचे मला ताशी सतरा डॉलर मिळतात.

हात बसलाय आता.
पडद्यावर आवाजाची रेघ धावते
आणि शिवीचा उंचवटा न ऐकताही ओळखू येतो,
आधी टोक, मग पोट, मग शेपूट.
मासे साफ करावेत तशी गाणी साफ करते.

माझ्याकडे येतात ती बहुतेक दक्षिण भागातल्या पोरांची.
हॅटवाल्या गिटारवाल्यांची क्वचितच.
ट्रकच्या हौद्यात, शुद्ध हरपलेल्या मुलीचं काय केलं
ते इतक्या गोड चालीत असतं
की यादीला पत्ताच लागत नाही.
मॅनेजर म्हणतो, खट्याळ आहे जरा,
आणि टेबलाखाली पाय हलवतो.

सकाळी सहा ते दहा वेन लिंडक्विस्ट.
त्याचा आवाज सात सेकंद उशिरा बाहेर जातो,
काही सांडलंच तर पुसता यावं म्हणून.
लाल बटण माझ्या हाताशी.
अकरा वर्षांत एकदाही दाबलेलं नाही.
लिंडक्विस्ट शिवी देत नाही. चर्चमध्ये दानाचं तबक फिरवतो.
तो 'तसले लोक' म्हणतो.
'पैदास' म्हणतो, कुत्र्यांबद्दल बोलावं तसं.
सगळं सोवळ्यात.

मार्चमध्ये टेव्हियन मॅब्री गेला,
पेट्रोलपंपावर, तीन गोळ्या, वय एकोणीस.
त्याचं एकच गाणं आम्ही रात्री दोनला लावायचो,
चार ठिकाणी कापून.
सकाळी लिंडक्विस्ट म्हणाला,
चला, एक कमी. पंपावरची रांग तेवढीच हलली.
मी यादीकडे पाहिलं.
चला. एक. कमी. पंप. रांग.
पाच सेकंद, सहा,
गेलं.
मागोमाग गाद्यांच्या सेलची जाहिरात.

त्या आठवड्यात तक्रारी आल्या एकोणीस.
सगळ्या गाण्याबद्दल:
एका शब्दाचं शेपूट माझ्याकडून राहून गेलं होतं.

एप्रिलमध्ये त्याची आई आली, ओपल मॅब्री,
बसड्रायव्हरच्या गणवेशात, बुटांना चिखलट बर्फ.
फोन पोलिसांकडे, कॉम्प्युटर भावाने विकला.
तुमच्याकडे जे आहे ते द्या, म्हणाली.
मी स्वच्छ आवृत्ती लावली. हेडफोन तिला मोठा होत होता,
दोन्ही हातांनी धरून बसली.
इथे काय होतं?
शिवी, बाई.
आणि इथे?
तीच.
माझ्या घरात बोलला असता
तर साबणाने जीभ घासली असती मी, ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मग: ती द्या.

कापलेलं मी टाकत नाही. का, ते विचारू नका.
'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये सापडले चारही तुकडे,
सगळे मिळून दोन सेकंदसुद्धा नाहीत.
तिसऱ्यात शिवीला चिकटून
त्याचा श्वासही आला होता.
घाईत हात जरा रुंद पडला असणार माझा.

तिने तो सहा वेळा ऐकला.
शेवटी शिट्टी वाजते बघा, म्हणाली.
दमा. चार वर्षांचा असल्यापासून.
रात्र रात्र छातीवर हात ठेवून बसायचे
ही शिट्टी थांबेपर्यंत.
पेन ड्राइव्ह वरच्या खिशात घातला,
खिशाचं बटण लावलं, पुन्हा चाचपून पाहिलं,
आणि बाराची बस काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सहाला
लिंडक्विस्टने माइकसमोर श्वास घेतला,
बोलण्याआधीचा, नेहमीचा, खोल.
यादीत तोही नव्हता.
मी बटण दाबलं.