मन्मथप्पांचा नंबर

रात्री दहाला फोन.
"इलियास, मी मन्मथप्पा बोलूलालाव.
लाईट जाऊन आली, आन शिवलीला पुण्याहून म्हणतीय
अंगणातला कॅमेरा दिसंना.
कामून बदलता रे माझा पत्ता?"

मी जेवत होतो. तरी हात धुतले,
कारण विचारणारा माणूस
छत्तीस वर्षं निलंग्यात टपाल वाटलेला.
हाडगा नाक्यापासून तहसीलपर्यंत
कोणत्या दारात कुत्रं, कोणत्या दारात मनीऑर्डरची वाट,
त्याच्या सायकलीच्या घंटीलाही पाठ.

म्हटलं, अप्पा, पत्ता तोच आहे.
घर तिथंच, राउटर टीव्हीच्या डोक्यावर तिथंच
क्रोशाच्या रुमालाखाली
(तो रुमाल काढा, तापतंय ते).
बदलतो तो नंबर.
चार आकडे, मधे तीन टिंबं.
वरच्या कंपनीनं मला दिलेत पाचशे आठ,
आणि घरं झालीत सहाशेच्या वर.

"मग भागतंय कसं?"

पंगतीत भागतं तसं.
ताटं कमी, माणसं जास्त,
पण सगळी एकदम कुठं बसतात?
भुसारवाला शटर ओढताना मेन स्विच पाडतो,
होस्टेलची पोरं शनिवारी गावाकडं,
कुणाचं बिल थकलेलं.
उठलेल्याचं ताट विसळायचं, दुसऱ्यापुढं मांडायचं.
लाईट गेली की मशीनला वाटतं, तुम्हीही उठलात.
थोडा वेळ जागा धरतं,
एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या टॉवेलसारखी.
मग टॉवेल उचलून कुणीतरी बसतंच.

"आन कुणाचं उष्टं माझ्याकडं आलं मंजी?"

येतं की.
वैजयंता मॅडमना मागं बँकेनं दारातच उभं केलं,
म्हणे तुमच्या नंबरावरनं रात्रभर दंगा झालाय.
दंगा लॉजवरच्या पोरांचा,
नंबर सकाळी मॅडमच्या वाट्याला.
राउटर बंद करून त्यांच्याकडं दोन कप चहा प्यालो,
चालू केला तेव्हा दुसरा मिळाला.
पहिला कुणाकडं गेला, मी बघितलं नाही.

कायमचा पण मिळतो, अप्पा.
महिना दोनशे जादा.

फोनमध्ये पंख्याचा आवाज.

नाहीतर एक फुकटची युक्ती आहे.
एक नाव घ्यायचं. नंबर बदलू द्या हवा तितका,
दर वेळी राउटरच सांगणार,
मी आता इथं आहे.
शिवलीलाताई नावानं हाक मारतील,
नाव नंबर शोधून देईल.

"हे मी केलंय," अप्पा म्हणाले.

"भूकंपानंतर तीन महिने तिकडं ड्युटी होती.
घरच न्हाईत, तर घर नंबर कुठला?
माणसं आज या पत्र्यात, उद्या त्या पत्र्यात.
मी नुसतं नाव वाचत फिरायचो.
कुणीतरी 'ओ' द्यायचं.
दिवाळीची कार्डं होती, पोरीला बघायला येतो म्हणून होतं,
एकाची नोकरीची ऑर्डर होती."

मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं.

"ज्याला कुणी 'ओ' दिली न्हाई,
त्यावर काय शेरा मारायचा ते पुस्तकात होतं.
माझ्यानं लिव्हवलं न्हाई.
पत्ता बदलला, असं लिव्हलं.
साहेब काई बोलला न्हाई. शिक्का मारला."

माझ्या ताटातली भाकरी गार झाली होती.
आमची अम्मी तिकडचीच,
पण हे मी त्यांना त्या रात्री बोललो नाही.

सकाळी गेलो. रुमाल काढलेला होता,
घडी करून शेजारी ठेवलेला.
सेटिंगमध्ये शिरलो. नाव काय टाकू?
"मन्मथप्पा, निलंगा."
मधे जागा सोडता येत नाही, अप्पा.
"बरं, जोडून लिव्ह. आन शेवटी पिनकोड टाक."
पिनकोड लागत नाही इथं.

"तरी टाक."