चार लाख बासष्ट हजार

एमेली आधी टायरला लाथ मारतो. सगळेच मारतात.
मग बर्फात गुडघे टेकून खाली बघतो,
जिथे रस्त्यावरचं मीठ बावीस हिवाळे
पत्रा चाटत आलंय.
त्याची बायको साना, कडेवरचं मूल सावरत, विचारते,
"भरवशाची आहे ना?"

केमियार्वीतला फेब्रुवारी. उणे एकोणतीस.
राइली कोर्तेलाइनेन खिशातून हात काढत नाही,
तोंडातून उत्तरही लगेच काढत नाही.

"भरवशाची म्हणजे," ती म्हणते,
"मागचं डावं दार आतूनच उघडतं.
ही काच खाली गेली की वर येत नाही,
म्हणून बटणावर चिकटपट्टी.
बाहेरचं तापमान तीन अंश जास्तच दाखवते,
बिचारी आशावादी आहे.
डावीकडे वळताना ठक् वाजतं. एकदा.
दोनदा वाजलं तर थांबा.
आणि थंडीत किल्ली अर्धी फिरवून
दहापर्यंत मोजायचं. आठवर घाई केलीत
तर दिवसभर रुसते."

एमेली हसतो. राइली हसत नाही.
ती निळी वही काढते, ओइवाच्या बारीक अक्षरातली:
टायमिंग बेल्ट, तीन वेळा.
क्लच, एकदा, धाकटीला शिकवताना.
अल्टरनेटर, सल्लाच्या रस्त्यावर, वादळात, रात्री.
डावा दिवा, रेनडिअर.
(शेजारी कंसात: तो उठून निघून गेला.)
खालच्या पत्र्याचं वेल्डिंग, सातशे चाळीस युरो,
जेव्हा अख्खी गाडी सहाशेला कोणी घेतली नसती.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
असं तेव्हा मेकॅनिक वेगळ्या शब्दांत म्हणाला होता.
पण सासूबाईंचं डायलिसिस रोवानिएमीला,
जाऊन येऊन एकशे सत्तर,
आठवड्यातून तीनदा, दोन वर्षं.
त्रेपन्न हजार किलोमीटर तर त्यांचेच.
एकदाही उशीर नाही.
परतताना त्या मागच्या सीटवर झोपायच्या,
त्या डाव्या दाराला टेकून.

हे राइली सांगत नाही. वहीत नाही ते.

वहीत प्रत्येक पानाखाली बेरीज आहे,
पण शेवटच्या पानावर "एकूण" लिहून
पुढे कोरं.
"हे का नाही भरलं?" साना विचारते.
"विचारलं होतं मी. म्हणाला,
आकडा कळला तर विकावी लागेल."

ओइवा आत आहे, खिडकीशी.
नजर गेल्यापासून लायसन्स ड्रॉवरमध्ये पडून.
त्याला अंगण दिसत नाही,
त्याने रेडिओ मात्र बारीक केलाय.

"काल सोदांकुलाला एक बघितली," एमेली म्हणतो,
"हिच्याहून निम्मी चाललेली.
मालक म्हणाला, हिला काही म्हणजे काहीच झालेलं नाही."
तो परत टायरकडे बघतो, या वेळी लाथ न मारता.
"ही घेतो."

नऊशे युरो फोनवरून आले, टिंग वाजून.
एवढ्या आवाजात बावीस वर्षं.
कागद, सह्या, दोन किल्ल्या,
तिसरी कुठे गेली ते गाडीलाच माहीत.
मूल मागे बसवलं, दार आतून लावलं.
कोपऱ्यावर डावीकडे वळली:
ठक्.
एकदाच.
आत ओइवाने मान हलवली.

संध्याकाळी राइली कचरा टाकायला बाहेर आली
तर खांबावर हीटरची वायर लोंबकळत,
टोकाशी काही नाही.
तिने तिथेच उभ्याउभ्या फोन लावला.
"वायर राहिली हो. उद्या बसने पाठवते.
आज शेजाऱ्याची मागून घ्या,
दोन तास आधी लावा, तीन नको,
बिल उगाच वाढतं."

पहाटे सहा. उणे तेहतीस.
दोघंही जागी, दोघंही झोपल्यासारखी.
एमेलीची शिफ्ट साडेसहाला, तो बोलता बोलता म्हणाला होता.
पांघरुणाखालून ओइवाचा आवाज,
जेमतेम ओठांबाहेर येणारा:
सहा. सात.
आठ.
राइली श्वास रोखते.
नऊ.