पावडरीवरची रेघ

सुआमेच्या गल्लीत येबोआची टॅक्सी थांबली.
दोन दारं दुसऱ्याच गाड्यांची, चारी कोपरे नारिंगी.
थांबली, आणि खाली धुळीत थेंब पडला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

"मागचं सील," येबोआ म्हणाला,
"तीन गॅरेजवाल्यांनी सांगितलं. गिअरबॉक्स उतरवायचा,
चार दिवसांची कमाई बुडणार, वर मजुरी.
तेवढे नाहीत, मास्टर. थोडं कमी करून द्या, बस."
डिकीत त्याच्या पाच लिटरचा कॅन,
रोज सकाळी इंजिनाला पाजायचा,
तान्ह्याला पाजावं तसा, न चुकता.

मास्टर अम्पोन्सा काही बोलले नाहीत.
खाली पुठ्ठा सरकवला,
एक थेंब बोटावर घेऊन अंगठ्याशी चोळला, हुंगला,
आणि मला म्हणाले,
"आधी तिला आंघोळ घाल."

रॉकेल, ब्रश, बनियनची फडकी.
हरमाटनचे दिवस. वाळवंटाची धूळ
तेलात कालवून, थरावर थर,
तिने अंगाला लावून घेतली होती.
स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की वड्या निघत.
दुपारपर्यंत माझे हात काळे, ॲल्युमिनियम पांढरं,
आणि मला पहिल्यांदा दिसलं
की तिच्या अंगावर आकडे कोरलेत.

मग मास्टरांनी खिशातून काढला
बाळाच्या पावडरीचा डबा.
मी हसले. शेजारचे वेल्डरही हसले.
ते तळहातावर घेऊन फुंकत राहिले,
प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक बोल्टावर.
"आता केजेतियापर्यंत जाऊन या.
गर्दीत अडकलात तर उत्तम."

आम्ही तासभर अडकलो.

परत येऊन बॉनेट उघडलं.
काठीला बांधलेला आरसा, टॉर्च दातांत.
पार मागे, जिथे हात पोचत नाही,
पांढऱ्यावर एक ओली रेघ:
व्हॉल्व्ह कव्हरच्या कोपऱ्यातून निघालेली,
बोल्टाला वळसा, नळीच्या आडून,
गिअरबॉक्सच्या गळ्यावरून खाली,
थेट त्या सीलच्या दारात.
थेंब पडतो तिथे सगळे बघतात.
हा हातभर चालत आला होता.

जुनं गॅस्केट कुरडईसारखं कडक,
बोटांत मोडलं.
नवं मी बसवलं. कोपऱ्यांना सिलिकॉनचा मुगाएवढा ठिपका,
बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे.
शेवटच्याला जोर लावला तर मनगटावर चापट.
"कव्हर वाकेल. राग पान्यात आणू नकोस."

येबोआ नोटा मोजायला लागला.
"थांब," मास्टर म्हणाले.
इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं,
तोंडावर माझा तळहात ठेवला.
आतून कुणीतरी हात लोटत होतं.

काजळीने बुजलेला एक छोटा व्हॉल्व्ह,
करंगळीएवढा. श्वास बाहेर सोडायचा तो.
कानाशी हलवला: मुका.
"कोंडलं की जिथे कच्चं सापडेल तिथून फुटतं.
नुसतं गॅस्केट बदललं असतंस
तर महिन्यात परत आला असता,
आणि शिव्या तुला."
पेट्रोलमध्ये बुडवला, फुंकला, पुन्हा बुडवला.
मग आत बारीक काहीतरी
खुळखुळलं.

येबोआ जाता जाता म्हणाला,
सहा महिने तो चर्चच्या आवारात गाडी नेत नव्हता.
नवी फरशी. बाहेर गटारापाशी लावायचा,
म्हणायचा, आत जागा नसते.

सोमवारी तो आला तो चालतच,
दोन्ही हातांत एक पुठ्ठा धरून,
सांडेल की काय असा जपून.
"काल. आतमध्ये. अख्खी प्रार्थना."
पुठ्ठा कोरडा.

मास्टरांनी उजेडात धरून बघितला,
आणि मग, सवयीने,
उलटून मागूनही बघितला.