बेसनाचा भाव

सावद्याला, स्टँडच्या पुढे,
माझं खता-औषधांचं दुकान. बावीस वर्षं.
फळीवर बाटल्या, बाटल्यांवर त्रिकोण:
लाल, पिवळा, निळा, हिरवा.
हिरवा म्हणजे चांगलं नव्हे,
हिरवा म्हणजे जरा कमी मरण.
हे मी गिऱ्हाइकाला सांगायचो, विचारलं तर.
कोणी विचारत नसे.

भिंतीपलीकडे गोकुळशेठचं किराणा.
एका भाद्रपदात त्याची बेसनाची पोती
भराभरा संपू लागली.
दोन किलो बेसन, दोन किलो गूळ.
पुन्हा दोन किलो बेसन, दोन किलो गूळ.
शेठ म्हणाला, पितृपक्षात कोणाची लग्नं लावताय?
निर्मला भारंबे हसली.
"मातीचं लगन हाये, शेठ.
वऱ्हाड डोळ्याले दिसत नाही."

त्या वर्षी त्या तिघीच होत्या.
पुढच्या वर्षी एकोणीस.
मग सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, पावरा,
तापीकाठचे कोळी,
आणि एक दिवस माझ्या बिलबुकातली नावं
त्यांच्या गटाच्या रजिस्टरात निघाली,
गट नंबरासकट, वळणदार अक्षरात.

निर्मला ड्रम मागायला आली.
मी निळा दिला, तीनदा धुतलेला,
राख लावून, चिंच लावून.
पुण्याहून आलेला तपासनीस, कोवळा पोरगा,
ड्रमात डोकं घालून उभा राहिला.
"यात काय होतं?"
मी म्हटलं, पाणी.
त्याने काहीतरी लिहिलं. ड्रम परत आला.
दारात पडून आहे अजून.
कुत्रं त्याच्या सावलीला बसत नाही.

आणि ते सहा ओळींचं प्रकरण.
तिच्या बांधाला लागून झोपेंची केळी.
झोपे फवारतात. औषध माझं. वारा पश्चिमेचा.
म्हणून कडेच्या सहा ओळी, तिच्याच बागेतल्या,
कागदावर जैविक नाहीत.
त्यांचे घड वेगळे कापायचे, वेगळे भरायचे,
साध्या भावाने घालायचे.
ती मात्र त्यांनाही तेच पाणी पाजते.
मी विचारलं, काहून?
"त्याईले काय माहीत, कागदावर काय लिव्हलं?"

सोपं नव्हतं, हेही लिहायला हवं.
पहिली दोन वर्षं तिचे घड
हातात उचलले की हलके लागायचे.
ती कोणापासून लपवत नव्हती.
वजन सांगायची, पुढे काही बोलायची नाही.

आता कंपनीचा माणूस माझ्याकडेही येतो.
बाटलीवर पान छापलेलं. त्रिकोण नाही.
"जैविक आहे, काका. मागणी बघा ना."
भाव चौपट. फळी पुसून मी मांडल्या.
एक निर्मलाकडे नेली.
तिने बूच काढलं, नाकाशी धरलं, परत लावलं.
"हे तं तुह्याच दुकानाचं हाये, भाऊ."

मीही हुंगून पाहिली. काही आलं नाही.
नाक कधीच गेलंय.
घरी माझा शर्ट उंबऱ्याच्या आत येत नाही;
अंगणातल्या निंबाला खिळा आहे.
बायको कधी बोलली नाही,
तिने फक्त खिळा ठोकला.

निघताना निर्मलाने काठी हातात दिली.
"आलाच हायेस तं ढवळ. एकाच दिशेनं."
ढवळलं. खालून बुडबुडे आले,
कोणी झोपेत बोलावं तसे.
मी विचारलं, वास कसा आहे याला?
ती अडली. हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता.
"पह्यल्या दिवशी शेणाचा.
आज... कुरडयांसाठी गहू भिजोतो ना,
तिसऱ्या दिवशीचा. तसा."

तो मला आठवला.
नाकात नव्हे. कुठे, ते सांगता येत नाही.

शर्टावर चार शिंतोडे उडाले होते.
घरी येऊन मी तो खिळ्यालाच टांगला, सवयीनं.
सकाळी दुकान उघडलं तेव्हा
पलीकडे शेठ पाटी पुसून
खडूने बेसनाचा नवा भाव लिहीत होता.