करवंटी

कणकुंबीच्या खालच्या अंगाला, आमच्या वाडीत,
वायंगणाचं पाणी घड्याळावर चालत नाही.
काठाला चेपलेल्या भगुण्यात
करवंटी तरंगत सोडायची,
बुडाला सुईएवढं भोक.
ती डुबुक् म्हणाली
की इनासची पाळी संपली, जोत्याप्पाची लागली.
पाटावर जाऊन एक ढेकूळ काढायचं, एक बसवायचं.
एवढंच आमचं सरकार.

सुरंगाआत्यानं चाळीस वायंगणं ही राखली.
मांडीवर काथ्या वळत बसायची,
डोळा लागला तरी कान जागा.
ती गेल्यावर कुणी मला काही सांगितलं नाही.
भगुणं माझ्या उंबऱ्यात ठेवून गेले.

इनासचा धाकटा जहाजावर भांडी घासतो.
हवाई म्हणून बेटं आहेत, तिथनं त्यानं फोटो पाठवला:
डोंगरातनं उतरलेला पाट,
बांधाच्या आत गुडघाभर पाणी,
आणि पाण्यात अळू.
अळूच! तेच हत्तीचे कान,
पान न भिजवता पळणारा तोच थेंब.
खाली लिहिलं होतं: इथले लोक म्हणतात
अळू थोरला भाऊ, माणूस पाठचा.
गड्डा खातात, मुंडकं परत चिखलात रोवतात.
वरच्याचं झालं की पाणी खालच्याला,
तिथनं दर्याकाठच्या मासळीच्या तळ्याला.

जोत्याप्पा म्हणाला, "थोरला? मग खाजतंय कशाला?"
"थोरलाच खाजतोय की गा," इनास म्हणाला.
मी परसात गेले,
मोरीच्या पाण्यावरच्या अळूकडं जरा निराळं बघितलं.
तरी संध्याकाळी फदफदं केलंच.
चिंच थोडी जास्त घातली.

शिगम्याला पोरगा आला.
तीन रात्री भगुण्याशेजारी मोबाईल ठेवून बसला.
"काकी, बावीस मिनिटं."
आत्या तर सांगायची,
पेज चढवावी, शीत फुटावं, मग करवंटी बुडावी.
माझी पेज अजून कच्ची असते.
त्यानं करवंटी उन्हात धरली.
"भोक मोठं झालंय. चाळीस वर्षं सगळ्यांचंच पाणी चोरीला जायलंय."

सातेरीच्या राईत बसलो.
कोण म्हणालं नवी करवंटी करा,
कोण म्हणालं अलार्म लावा.
कोण म्हणालं कचेरीत जाऊन लिहून आणा,
पण कानडी कागदात ही पाळी नाही,
त्याआधीच्या मराठी कागदातही नव्हती.

फटूबाबाचं शेत सगळ्यात शेवटी.
तो शेवटीच बोलला.
"झरा आटलाय ते बघितलासा?
लांब पाळी धरली असती तर
पाणी माझ्यापर्यंत यायच्या आत
पहिल्याचा तरवा करपला असता.
पाळी आखूड, म्हणून फेरा लवकर."

"म्हणजे आत्यानं सुई..." मी म्हणाले.
बाबानं तंबाखू मळली,
चुन्याची डबी शोधली,
डबी कमरेलाच होती.

आज रात्री चिमणीसमोर करवंटी धरून बघते आहे.
झिजलेलं भोक एका अंगाला कलतं.
हे गोल आहे.
खालच्या बाजूनं, अगदी बारीक,
तापल्या सुईचा काळा.

डुबुक्.
इनास घोरतोय. त्याची पाळी संपली
हे त्याला उद्या सांगता येईल.
कंदील घेते, ढेकूळ मीच काढते.